चाळिशीनंतर सापडलेली वाट : सुमित्रा भावे

मैत्रिणींनो, चाळिशी आली की आपल्याकडे दोन गोष्टी घडतात. नाकावर चष्मा चढतो आणि ‘आता काय राहिलंय आपलं?’ हे वाक्य तोंडात बसतं. मुलं हाताशी आलेली असतात, सासूबाईंचे गुडघे बोलू लागलेले असतात, घराचे हप्ते चालू असतात. कॉलेजात असताना गाणं, नाटक, लिहिणं असं जे काही होतं, ते आपण ट्रंकेतल्या शालूसारखं डांबराच्या गोळ्या घालून ठेवून दिलेलं असतं. वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, की पुन्हा घडी घालून आत!

नेमक्या याच वयात पुण्याच्या एका बाईंनी आयुष्यातला पहिला लघुपट केला. चित्रपटाचं शिक्षण त्यांनी कुठेही घेतलेलं नव्हतं. घराण्यात कुणी नट नव्हता की निर्माता नव्हता. तरी पुढची पस्तीस वर्षं त्या लिहीत आणि दिग्दर्शन करत राहिल्या, आणि २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचं सुवर्णकमळ त्यांच्या ‘कासव’नं पटकावलं. त्या म्हणजे सुमित्रा भावे. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

कौतुक करायचं तर ‘इतक्या उशिरा सुरुवात करूनही केवढं मिळवलं!’ असं कुणीही म्हणेल. पण त्यांचं काम नीट पाहिलं तर वेगळंच ध्यानात येतं. चाळिशीआधीची वर्षं वाया गेली आणि मग काम सुरू झालं, असं मुळी झालंच नाही. त्या वर्षांतच त्यांच्या चित्रपटांचं भांडवल जमत होतं. ते कसं, हेच आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

अहवाल वाचणार कोण?

सुमित्राबाईंचा जन्म १२ जानेवारी १९४३चा, पुण्याचा. फर्ग्युसन कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या, मग राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र शिकल्या, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही शिकल्या. काही काळ दिल्ली आकाशवाणीवर त्यांनी मराठी बातम्या वाचल्या. पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं. म्हणजे कसं, तुमच्या-आमच्या ओळखीतली एखादी हुशार, कामसू प्राध्यापक बाई असते ना, तशाच त्या होत्या.

ऐंशीच्या दशकात ‘स्त्रीवाणी’ नावाच्या संशोधनात त्यांनी काम केलं. वस्तीत राहणारी बाई स्वतःकडे कशी पाहते, हा त्याचा विषय होता. दारू पिणारा नवरा, धुण्याभांड्याची कामं, पाण्याची रांग, मुलांची दुखणी या सगळ्यांत तिला स्वतःविषयी काय वाटतं, हे तिच्याशी बोलून, तिचं ऐकून लिहून घ्यायचं.

असं संशोधन झालं की पुढे काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. जाडजूड अहवाल तयार होतो आणि कपाटात जातो. विद्वान तो वाचतात, क्वचित सरकारी अधिकारी चाळतात. पण जिच्या आयुष्याचा तो अहवाल, तिला अक्षरओळखच नाही! तिच्याकडून घेतलेलं तिच्यापर्यंत परत पोचायचं कसं? सुमित्राबाईंना हा प्रश्न सतावू लागला आणि त्यातूनच चित्रपटाची वाट निघाली. वाचता न येणाऱ्या बाईलाही चित्र दिसतं, बोलणं ऐकू येतं.

१९८५ साली ‘बाई’ हा त्यांचा लघुपट तयार झाला. त्यांनी गाजलेली नटी घेतली नाही. वस्तीतल्याच बाया पडद्यावर आल्या. या पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ १९८७ साली ‘पाणी’ आला. पाण्याच्या प्रश्नाला भिडणाऱ्या खेड्यातल्या बायकांचा हा लघुपट, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. १९९२च्या ‘चाकोरी’त नवऱ्यानं टाकलेल्या एका तरुण स्त्रीच्या हाती सायकल येते, आणि दोन चाकांवर तोल सांभाळता सांभाळता तिची मान वर होते.

विचार करा, यातला एकही विषय बाहेरून आणावा लागला नाही. हंडा, सायकल, चाळीतलं भांडण, सगळं आपल्या डोळ्यांसमोरचंच. फरक एवढाच, की आपण ते पाहतो आणि सोडून देतो. त्यांनी ते मनात ठेवलं.

दोन बहिणींची गोष्ट

या कामात त्यांना एक साथीदार मिळाला, सुनील सुकथनकर. वयानं त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, पुण्याच्या चित्रपट संस्थेत दिग्दर्शन शिकलेले. दोघांनी मिळून ‘विचित्र निर्मिती’ ही संस्था चालवली. कथा-पटकथा सुमित्राबाईंची, गाणी बहुधा सुनीलरावांची आणि दिग्दर्शन दोघांचं, अशी ही जोडी शेवटपर्यंत टिकली. डझनाहून जास्त चित्रपट आणि पन्नासहून अधिक लघुपट या जोडीच्या नावावर आहेत.

त्यांचा पहिला मोठा चित्रपट ‘दोघी’, १९९५ सालचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गौरी आणि कृष्णा या खेड्यातल्या दोन बहिणी. गौरीचं लग्न ठरलेलं, दारी मांडव पडलेला. आणि वाटेतच अपघात होऊन नवरदेवासह वऱ्हाडावर घाला पडतो. वडील त्या धक्क्यानं अंथरूण धरतात. झालं! गाव गौरीला पांढऱ्या पायाची ठरवतं. घरात खायची भ्रांत. मग मामा तिला मुंबईला नेतो, तिथे तिच्यावर देह विकण्याची पाळी येते, आणि तिनं पाठवलेल्या पैशावर घराची चूल पेटते. त्याच पैशातून धाकटीचं लग्न ठरतं. पण थोरली लग्नाला घरी येते, तेव्हा सख्खी आईच तिला दूर ठेवते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या बहिणी झाल्या आहेत, आई झाल्या आहेत उत्तरा बावकर.

इथे पटकथाकाराचं काम काय असतं, ते कळतं. कथा म्हणजे काय घडलं ते. पटकथा म्हणजे ते कुठल्या क्रमानं आणि कुणाच्या नजरेनं दिसणार ते. हीच गोष्ट गावाच्या नजरेनं दाखवली असती तर ‘बिघडलेल्या मुलीची’ झाली असती. सुमित्राबाईंनी ती बहिणीच्या मायेनं दाखवली. आईलासुद्धा त्यांनी खलनायिका केलं नाही. ती बिचारी लोकलाजेच्या आणि भुकेच्या जात्यात भरडली जाते आहे, हे आपल्याला दिसतं. म्हणूनच चित्रपट संपल्यावर कुणावर राग काढावा ते सुचत नाही आणि आपण स्वतःलाच विचारू लागतो : माझ्या घरच्या हळदीकुंकवाला मी कुणाला बोलावलं नाही?

स्वतंत्र म्हणजे पदरमोडही

आपण ‘स्वतंत्र दिग्दर्शक’ म्हणतो तेव्हा ऐकायला छान वाटतं. पण संसार चालवणाऱ्या बाईला विचारा, स्वातंत्र्याचा हिशेब मांडावाच लागतो. मोठ्या निर्मात्याचा पैसा घेतला तर त्याची फर्माईश येते : दोन नाच घाला, गाजलेला नट घ्या, शेवट गोड करा. ती नको असेल तर पैसा दुसरीकडून उभा करायचा. ‘दोघी’मागे सरकारी चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन होतं. पुढच्या चित्रपटांना कधी सामाजिक संस्थांनी हात दिला, कधी स्नेह्यांनी. ‘अस्तु’ आणि ‘कासव’च्या निर्मितीत डॉ. मोहन आगाशे उतरले. ते नट आहेत तसेच मनोविकारतज्ज्ञही आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चित्रपट पुरा झाला तरी तो लोकांपर्यंत पोचवण्याचं संकट उरतंच. ‘अस्तु’ २०१३ साली तयार झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तरी तो सर्वत्र लागायला २०१६ साल उजाडलं! आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावी असे चित्रपट टॉकीजला लागले तर लागले. लागले तरी दुपारच्या एका खेळाला, आणि शुक्रवारी लागलेला पुढच्या शुक्रवारी उतरलेला. पुष्कळ मैत्रिणींना सुमित्राबाईंचं नाव ऐकून ठाऊक असतं, पण चित्रपट पाहिलेला नसतो, तो यामुळेच.

म्हणून त्यांचे विषय मात्र कधी आटले नाहीत. २००२ सालच्या ‘वास्तुपुरुष’मध्ये उतरती कळा लागलेलं जमीनदाराचं घर आहे, आणि मुलानं डॉक्टर होऊन गावाचं देणं फेडावं म्हणून झटणारी आई आहे, त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षी आला ‘दहावी फ’. हुशार मुलं ‘अ’ तुकडीत आणि उरलेली ‘फ’मध्ये, ही वाटणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. अर्धवेळ का होईना, मी शाळेत शिकवते, तेव्हा एवढं नक्की सांगू शकते की शिक्षकांच्या खोलीत ‘ती तुकडी ना, सोडून द्या’ हे वाक्य किती सहज उच्चारलं जातं. चित्रपटातले गुरुजी ती तुकडी सोडून देत नाहीत. हातून मोडतोड झालेल्या मुलांनाच ते भरपाईच्या कामाला लावतात आणि त्यातून त्यांना उभं करतात. अतुल कुलकर्णींनी ते गुरुजी रंगवले आहेत. आणि ‘एक कप च्या’ (२००९) मध्ये कोकणातल्या एका एस.टी. कंडक्टरला विजेचं भलंमोठं चुकीचं बिल येतं. चहापाण्याचे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवून तो माहितीच्या अधिकाराचा कागद हाती घेतो. बिलं भरायच्या रांगेत उभं राहणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरात झाकून ठेवलेलं

पण सुमित्राबाईंचं सगळ्यांत मोठं काम कुठलं म्हणाल, तर मनाच्या आजारांवरचं. आपल्याकडे मधुमेह झाला की शेजारी कारल्याचा रस सुचवतात. पण मुलगा रात्ररात्र जागतो, एकटाच बोलतो, हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. आधी देवऋषी, मग उपास-तापास, मग ‘लग्न करून द्या, सुधारेल’. एका मुलीच्या आयुष्याची त्यात माती होते, ती वेगळीच.

‘देवराई’ (२००४) मधल्या शेषला स्किझोफ्रेनिया झालेला आहे. भास होतात, संशय येतात. गावाकडच्या राखीव देवरानाशी त्याचं मन गुंतलेलं. त्याची काळजी वाहणारी बहीण आहे सीना, लग्न झालेली, स्वतःचा संसार असलेली. भावाला घरी आणावं तर संसाराची ओढाताण, न आणावं तर मन खातं! ही ओढाताण कुठल्या वैद्यकीय पुस्तकात मिळत नाही. चित्रपट मात्र तिला आजाऱ्याइतकीच जागा देतो. पुढे या चित्रपटाला पर्यावरणाविषयीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इतकं ते रान त्यात जिवंत आहे.

‘अस्तु’मध्ये संस्कृतचे एक विद्वान शास्त्रीबुवा आहेत, स्मृती हरवत चाललेले. मुलगी काही मिनिटांसाठी गाडीतून उतरते आणि तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे लहान मुलासारखे निघून जातात. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. तिची भाषा कानडी, शास्त्रीबुवांची विद्या तिला काय कळणार? पण म्हातारं मूल झालेला माणूस तिला बरोबर कळतो. सुशिक्षित मुलगी कर्तव्य आणि थकवा यांच्यात अडकलेली, आणि अडाणी चन्नम्मा न थकता भरवणारी, असे दोन चेहरे समोरासमोर येतात. मुलीला दोष देऊन मोकळं होण्याची सोय मात्र लेखिका आपल्याला देत नाही. घरात असं दुखणं काढलेल्या सुनेला, लेकीला हे पाहून हलकं वाटेल. या चित्रपटाच्या संवादांसाठी सुमित्राबाईंना, आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि मग ‘कासव’. जीव द्यायला निघालेला एक तरुण जानकी नावाच्या बाईला सापडतो. ती त्याला समुद्राकाठच्या आपल्या घरी नेते. स्वतः मनाच्या दुखण्यातून गेलेली असल्यामुळे ती त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती करत नाही. ‘तुला काय कमी आहे रे?’ असं विचारत नाही, उपदेश करत नाही. खायला घालते, राहू देते, वाट पाहते. बाजूला किनाऱ्यावर कासवांची अंडी जपण्याचं काम चालू आहे. पिल्लं बाहेर येतात आणि ज्याची त्याची समुद्राकडे चालू लागतात. माणसानं फक्त कोल्हा-कुत्र्यापासून राखण करायची. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा पाचवा मराठी चित्रपट.

आपल्या मातीतून पाहताना

यवतमाळात बसून ‘कासव’ पाहणं वेगळं असतं, हे तुम्हाला मान्य होईल. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, एवढंच आठवतं. आपल्यापैकी कित्येकींचं माहेर किंवा सासर खेड्यातलं, शेतीचं. पऱ्हाटी वाळली, पावसानं दडी मारली, की घरातला कर्ता माणूस गप्प होतो आणि घरातली बाई त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसते. हीच गोष्ट सतीश मनवर यांनी २००९ साली ‘गाभ्रीचा पाऊस’ या चित्रपटात सांगितली, तीही स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शित करून. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर नजर ठेवू लागते. कधी लहानग्या पोराला त्याच्या मागे धाडते, कधी सासूला. ‘दोघी’तली कृष्णा आणि ही अलका एकाच अभिनेत्रीनं, सोनाली कुलकर्णींनी, उभी केली आहे. विदर्भातल्या एका घरातली ही भीती हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवापर्यंत पोचली. शेवट मी सांगत नाही, तो बघायचाच आहे.

आणखी एक आठवण द्यायला हवी. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीनं. जिला पांढऱ्या पायाची म्हणून मांडवाबाहेर ठेवायचं, तिच्याच हातून सरस्वतीच्या मांडवाचं उद्घाटन झालं! त्याआधी ‘तेरवं’ या नाटकात विदर्भातल्या अशा एकल बायांनी स्वतः रंगमंचावर उभं राहून आपलं जगणं मांडलं, त्यात याही होत्या. १९८५ साली वस्तीतल्या बायांना पडद्यावर आणणाऱ्या सुमित्राबाईंना हे परकं वाटलं नसतं. आपली गोष्ट दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा आपण सांगितली की तिच्यात बिचारेपण उरत नाही.

आपण काय घ्यायचं?

२०१९च्या ‘वेलकम होम’मध्ये सौदामिनी नावाची नोकरी करणारी, शिकलेली बाई नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन माहेरी येते, आणि प्रश्न उभा राहतो : माझं घर नक्की कोणतं? हा प्रश्न आपण भाजी निवडताना कितीदा मनात परतवून लावला असेल! सुमित्राबाईंनी तो परतवला नाही, बसवून घेतला आणि त्याला दोन तास बोलू दिलं. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा त्यांचा ‘दिठी’ त्यांच्या मागे, मे २०२१ मध्ये प्रदर्शित झाला. मुलगा गमावलेला वारकरी लोहार आणि अडलेली गाय, एवढाच त्याचा जीव. आयुष्याच्या अखेरीलाही त्या दुःखी माणसाशेजारी बसून ऐकतच होत्या.

आपण सगळ्या उठून चित्रपट काढणार नाही, काढायलाही नको. पण ऐकण्याची विद्या आपल्याजवळ आहे. नळावर, गच्चीवर, भिशीत, दवाखान्याच्या बाकावर आपण जे ऐकतो, त्याची चकाट्या म्हणून हेटाळणी होते. तेच ऐकणं मनापासून आणि चव न घेता केलं, तर समोरच्या बाईला केवढा आधार होतो! आणि जिला लिहिता येतं तिनं लिहून ठेवावं. वहीला वय विचारता येत नाही.

तेव्हा एक करा. चारजणींनी एका दुपारी जमून यांतला एखादा चित्रपट पाहा. आजकाल तो मोबाईलवर, टीव्हीवर मिळण्याची सोय पुष्कळदा होते. एकटीनं पाहू नका, कारण नंतर बोलावंसं वाटतं. मन घट्ट करायचं असेल तर ‘कासव’, म्हातारी माणसं घरात असतील तर ‘अस्तु’, दहावीतलं मूल असेल तर ‘दहावी फ’. चहा ठेवा, पण लगेच पाककृतींवर जाऊ नका. कुणीतरी म्हणेल, ‘आमच्याकडेही असंच झालं होतं...’ तेव्हा मध्ये बोलू नका.

आणि कुणाच्या घरचं माणूस असं गप्प झालं असेल, झोप-जेवण तुटलं असेल, ‘मी नसलो तर बरं’ असं बोलत असेल, तर ते झाकू नका. सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. मराठीतही बोलता येतं. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात. देवऋषी आणि गंडेदोरे यांच्या आधी तिथे जा. हा क्रमांक गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. आपल्या नाही तर शेजारणीच्या उपयोगी पडेल.